छातीतला पहारा

येरवडा
१८ जून २०१२

उत्कर्षा, जयभीम.

खुशाली विचारायची पद्धत आहे, ती विचारली असं समज. तू फोन उचलत नाहीस म्हणून तुझ्या बंगलोरच्या ऑफिसच्या पत्त्यावर हे पाठवते आहे. पत्ता इंदुबाईने तिच्या सुनेकडून कंप्युटरवर काढून घेतला. इंदुबाई म्हणजे कंपनीच्या गेटवर माझ्याबरोबर बायकांच्या पर्स तपासायला असते ती, तुला आठवत असेल. माझी शाळा चौथीपर्यंत. अक्षराला नावं ठेवायची तर ठेव, पण शेवटपर्यंत वाच. फाडायचं ते नंतर फाड.

रोहन तुझ्याशी रविवारी बोलतो हे मला माहीत आहे. आधी गच्चीवर जाऊन बोलायचा. हल्ली त्याच्याने जिना चढवत नाही, म्हणून मोरीत जाऊन नळ सोडून बोलतो. मला वाटतं तो आंघोळ करतोय, असं त्याला वाटतं. तुला काय सांगतो तेही मला माहीत आहे. मजेत आहे म्हणून सांगतो.

मजेत नाहीये. त्याची छाती पुन्हा भरली. दिवाळीपासून तिसऱ्यांदा. मोबाईल दुरुस्तीचं दुकान सुटलं. तिथे बसून तो काम करायचा, पण बसायलासुद्धा श्वास लागतो. मधे टीबी म्हणून गोळ्या दिल्या, तोंड लाल, लघवी लाल, आणि खोकला होता तिथेच. तुला सांगायचं नाही अशी त्याने मला शपथ घातली आहे. शपथा वगैरे मी मानत नाही.

आता नवीन डॉक्टर आहेत. हेमा मॅडम. तुझ्याहून पाचसात वर्षांनी मोठ्या असतील. पहिल्या दिवशी त्यांनी छातीला तपासायची नळी लावली आणि मग छाती सोडून त्याचे हातच बघत बसल्या. मी म्हटलं, मॅडम, दुखणं वर आहे. त्या म्हणाल्या, या चामखिळी कधीपासून? आता तुला आठवतं ना, शाळेत असल्यापासून त्याची बोटं चामखिळींनी भरलेली. मी त्या लग्नाच्या घोडीवाल्याकडून शेपटीचे केस आणून बांधायची. एक गळली की दोन यायच्या. ते सगळं मी मॅडमना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. पुढे विचारलं, लहानपणी कांजिण्या कशा निघाल्या होत्या? मी म्हटलं, अंगावर थोड्या आणि फुफ्फुसात फार, ससूनमध्ये मरतामरता वाचला. त्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

मग रक्त मुंबईला पाठवलं. रिपोर्ट आला. रक्तात एका जातीच्या पेशी असतात, त्या रोहनच्यात नाहीत. म्हणजे शोधून सापडाव्यात इतक्याच. त्यांचं नाव नॅचरल किलर. जन्मजात मारेकरी. नाव ऐकून मला वाटलं, अशांना ठेवायला आपल्या येरवड्यात जागा आहे. मी म्हटलं, मारेकरी नाहीत तर चांगलंच की हो. तेव्हा मॅडम हसल्या, आणि कागदावर एक उलटं झाड काढून दाखवलं. बुंधा म्हणजे श्वासनळी, खाली फांद्या, फांद्यांना फांद्या, टोकाला फुगे. म्हणाल्या, आपण दिवसभर जो वारा ओढतो त्यातून काय काय आत येतं. या झाडात पहिला पहारा याच पेशींचा. दुसऱ्या पेशी असतात, पण त्यांना नवा जंतू ओळखायला आठवडाभर लागतो. या थांबत नाहीत. आल्याआल्या भिडतात. रोहनकडे तो पहिला आठवडा राखायला कोणी नाही.

इतका वेळ मला कोणी कधी समजावून सांगितलं नव्हतं. गोळ्या सकाळी एक रात्री एक, एवढंच सांगतात.

यावर इलाज एकच. दुसऱ्याच्या हाडातला मगज याच्यात घालायचा, म्हणजे नव्या पेशी तयार होतात. सख्ख्या भावंडाचा जुळण्याची शक्यता चारात एक. दुसरं भावंड त्याला नाही. पैशाचं मी बघितलं आहे, तो विषय काढायचा नाही.

आणि हे दुखणं कधीकधी रक्तातून आलेलं असतं, म्हणून तुलाही विचारायला सांगितलं आहे. तुझ्या हातापायावर चामखीळ आहे का? आहे की नाही, एवढंच कळव.

आई


९ जुलै

उत्कर्षा,

उत्तर आलं नाही. आलं असतं तर मलाच नवल वाटलं असतं. पण रविवारी मोरीतला नळ बराच वेळ चालू होता आणि रोहन बाहेर आला तो माझ्याशी बोलेना. म्हणजे पत्र पोचलं.

मी आता दर मंगळवारी हेमा मॅडमकडे जाते. रोहनला दाखवून झालं की मी बसून राहते आणि विचारते. त्या कंटाळत नाहीत. कंटाळल्या तरी मी उठत नाही. माझी एक शंका होती. जंतू दिसतो तरी कसा त्या पेशीला? तिथे अंधार. आणि जंतू तर आपल्याच पेशीच्या आत शिरून बसतो, बाहेरून पेशी आपलीच. मग मारायचं कोणाला हे कळतं कसं?

तर ऐक. आपल्या अंगातली जवळजवळ प्रत्येक पेशी बाहेरच्या बाजूला एक खूण बाळगते. मी इथलीच आहे, अशी. विषाणू आत शिरला की तो कारखाना बळकावतो, आणि बरेचसे विषाणू पहिलं काम काय करतात, ती खूण उतरवून ठेवतात. कारण त्या खुणेवरूनच दुसऱ्या पेशींना आतली बातमी कळत असते. खूण काढली की त्या फसतात. पण हा जो मारेकरी आहे तो नेमका तेवढंच बघत फिरतो. खूण आहे, पुढे हो. खूण नाही, थांब. जवळ जाऊन भोक पाडतो, आत विष सोडतो, आणि ती पेशी आतल्या विषाणूसकट गपगार मरते. मग आरडाओरडा करून मोठ्या पेशींना बोलावतो. त्या येऊन घाण खातात.

मी म्हटलं, मॅडम, म्हणजे आयकार्ड. त्या म्हणाल्या, अगदी. मी म्हटलं, मग हे तर माझंच काम झालं.

आता विषय आलाच आहे तर बोलून घेते. तू दोन वर्षं मनात धरून बसली आहेस, आणि रोहन सोडून कोणाला खरं काय ते माहीत नाही. इंदुबाईला वाटतं मी वेडी आहे.

आमच्याच बिल्डिंगमध्ये तुला नोकरी लागली तेव्हा मी गेटवर पेढे वाटणार होते. आदल्या रात्री तू भाकरी मोडतामोडता म्हणालीस, गेटवर मला ओळख दाखवू नकोस, तिथे कोणाला माहीत नाही. मी बरं म्हटलं. पेढे गल्लीत वाटले. मग चार महिने तू रोज माझ्यासमोर कार्ड धरायचीस, मी बघायची, मान हलवायची. इतरांना मी गुड मॉर्निंग म्हणायची. तुला म्हणत नव्हते, कारण तुला म्हटलं असतं तर तोंडातून दुसरंच काही निघालं असतं.

त्या दिवशी परदेशी पाहुणे यायचे होते. तू तुझ्या मैत्रिणींबरोबर हसत आलीस आणि कार्ड घरी राहिलं होतं. टीव्हीवर ठेवलेलं मी निघताना बघितलं होतं. उचललं नाही. तू मला डोळ्यांनी सांगत होतीस, सोड. मी म्हटलं, मॅडम, बाजूला थांबा. पाहुण्यांच्या खुर्चीवर बसवलं. नाव विचारलं. स्पेलिंग विचारलं. तुम्हाला इथे ओळखणारं कोणी आहे का, म्हणून विचारलं. आमचा सुपरवायझर मच्छिंद्र शेजारी उभा होता, त्याला काहीच ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, रतनबाई, तुमच्यासारख्या आणखी दोन मिळाल्या तर मला कुत्रं पाळायला नको. सगळे हसले. तुझ्या मैत्रिणीने सही केली, मग तू आत गेलीस. महिन्याने तुझी बंगलोरला बदली, आणि तिथून आवाज बंद.

ओळख दाखवू नकोस असं तू म्हणालीस. मी दाखवली नाही. नियम कंपनीचा आणि सांगणं तुझं, दोन्ही पाळलं. मी काय चुकीचं केलं ते मला कोणी दाखवून द्यावं.

असो. मंगळवारचं सांगत होते. मॅडमनी माझं बोट टोचून थेंब काचेवर पसरला, रंग घातला आणि मला यंत्रातून बघायला लावलं. आधी मला माझ्याच पापण्या दिसल्या. मग दिसलं. गुलाबी गुलाबी चकत्या, तांदूळ सांडावेत तशा, मोजता येणार नाहीत इतक्या. मधेच कुठेतरी एक मोठी निळसर पेशी, पोटात बारीक लालसर दाणे. मॅडम म्हणाल्या, हा बहुतेक तुमचा मारेकरी, आणि ते दाणे म्हणजे त्याचा दारूगोळा. मी बघतच राहिले. माझ्या अंगात ही पलटण इतकी वर्षं फिरते आहे आणि मला पत्ता नाही. कात्रजच्या सर्पोद्यानात लोक तिकीट काढून साप बघतात, त्यापेक्षा हे भारी.

मग रोहनची काच लावली. चकत्याच चकत्या. मी काच सरकवायला सांगत राहिले. तो दाण्यांचा काही भेटला नाही.

मी विचारलं, या गुलाबी सगळ्यांच्या गळ्यात कार्ड आहे ना? मॅडम म्हणाल्या, "नाही. लाल पेशींवर ती खूण जवळजवळ नसतेच."

"मग त्यांना मारत नाहीत?"

"नाही मारत. पहारेकरी फक्त खूण बघत नाही, रतनताई. समोरची पेशी बिघडली आहे का, तिने त्रासाची काही निशाणी वर धरली आहे का, तेही बघतो. दोन्ही बघून ठरवतो."

"आणि चुकला तर?"

"चुकतो कधीकधी. फार चेकाळला तर चांगल्या फुफ्फुसालाच जखमा करतो."

हे मला माहीत नव्हतं. बसमध्ये, घरी, ड्यूटीवर, तेच डोक्यात. यातून तू भलता अर्थ काढू नकोस. शरीराचं शरीरापाशी, कंपनीचं कंपनीपाशी. पण नोकरीला लागलो तेव्हा आम्हाला फक्त कार्ड बघायला शिकवलं होतं, एवढं मात्र खरं.

चामखिळीचं कळवलं नाहीस.

आई


१४ ऑगस्ट

उत्कर्षा,

मला उत्तर दिलं नाहीस, हॉस्पिटलला दिलंस. चालेल. बंगलोरहून तुझ्या रक्ताची बाटली आली असं हेमा मॅडमनी सांगितलं. कुरिअरने बर्फात घालून आली म्हणे. चामखीळ नाही असंही चिठ्ठीत लिहिलं होतंस, ते त्यांनी मला वाचून दाखवलं. खाली सही करताना तू आडनाव आपलंच लावतेस.

निकाल यायला वेळ आहे. दोन गोष्टी बघायच्या आहेत. एक, तुझे पहारेकरी शाबूत आहेत का. दोन, तुझं त्याच्याशी जुळतं का. पहिल्यात तू नापास झालीस तर दुसऱ्याला अर्थ नाही, आणि मग मला दोघांची काळजी करावी लागेल. म्हणून मी सध्या एकच करते, बाकीचं पुढे.

रोहन गेल्या आठवड्यापासून वॉर्डमध्ये आहे. नाकाला ऑक्सिजन. जेवण ठीक. ठीक म्हणजे मी गेल्यावर जेवतो.

एक गोष्ट तुला सांगायला हवी. मॅडमनी तुझ्या वडिलांबद्दल खोदून खोदून विचारलं. मी नेहमीचं सांगितलं, दारूने गेले, छाती आधीपासून वाईट होती, टीबी होता. त्यांनी विचारलं, त्यांच्या हाताला चामखिळी होत्या का? होत्या. मनगटापर्यंत होत्या. लग्नात अक्षता टाकायच्या वेळी माझ्या मावशीने बघून तोंड वाकडं केलं होतं. आता मॅडम म्हणतात, नक्की सांगता येणार नाही, माणूस नाही तर तपासणार काय, पण बहुधा हे तिथूनच आलं असेल. म्हणजे दारू नसती तरी तो माणूस खोकतच गेला असता. मी त्यांना अठरा वर्षं रोज ऐकवलं की स्वतःच्या करणीने खोकताय. ते तोंडाला रुमाल लावून बाहेरच्या पायरीवर जाऊन बसायचे, पोरांना लागू नये म्हणून.

हे मी रोहनला सांगितलेलं नाही. तुला का सांगितलं ते माहीत नाही.

माझी ड्यूटी बदलली. मालाच्या गेटवर टाकलंय, मागच्या बाजूला. ट्रक मोजायचे. ऊन लागतं, बाकी बरं आहे. माणसं नाहीत त्यामुळे डोकं शांत.

पत्र रोहनकडे देते आहे, वॉर्डातला माणूस पेटीत टाकेल.

आई

ताई, मी रोहन. आईचं लेटर वाचलं, सॉरी. ती सांगणार नाही म्हणून मी सांगतो. ड्यूटी आपोआप नाही बदलली. एक नवीन जॉइन झालेली मुलगी कार्ड विसरून आली, तिचं नऊ वाजता प्रेझेंटेशन होतं, गेटवरच रडायला लागली. आईने तिला सोडलं. एन्ट्री नाही, पास नाही, काही नाही. जा आत, मी बघते, म्हणाली. मच्छिंद्र काकांनी मेमो दिला, तर मेमोवर सही करताना त्यांना विचारते, लाल पेशी माहीत आहेत का तुम्हाला? मला इंदुबाईंनी सांगितलं, हसून हसून माझा ऑक्सिजन निघाला.

ताई, प्रेशर घेऊ नकोस. नाही जुळलं किंवा नाही जमलं तरी आपलं रविवारचं चालू ठेव. इथे मोरी नाही, पण मी चादरीत बोलेन.


२० सप्टेंबर

उत्कर्षा,

जुळलं. तुझे पहारेकरीही धड आहेत. मॅडमनी तुला फोनवर सांगितलंच असेल, तरी मी लिहिते, कारण मला त्यातलं एक फार आवडलं.

जुळलं म्हणजे काय जुळलं, ते मी विचारलं. रक्तगट असेल असं मला वाटत होतं. तर ते नाही. मागे मी ती खूण लिहिली होती ना, पेशीवरची, मी इथलीच आहे म्हणणारी, तीच तपासतात. तीच जुळावी लागते. प्रत्येक माणसाची वेगळी. निम्मी आईकडून येते, निम्मी बापाकडून. कोणती निम्मी कोणाला मिळेल ते नशीब. माझी आणि रोहनची सगळी जुळत नाही. मी जन्म दिला तरी नाही. तुझी आणि त्याची सगळीच्या सगळी एक निघाली. तुझी पेशी त्याच्या अंगात गेली तर तिला कोणी परकी म्हणणार नाही, असं मॅडम म्हणाल्या. परवा त्यांनी दोघांचे कागद शेजारी शेजारी ठेवून दाखवले. मला आकड्यांतलं काही कळलं नाही, पण ओळीखाली ओळ सारखी होती.

आता कामाचं. कमरेच्या हाडातून सुईने मगज काढतात. भूल देतात. नंतर कंबर आठवडाभर ठणकते. अशक्तपणा येतो, तो जातो. काढलेला मगज पुन्हा भरतो, तुझं काही कमी होत नाही. हे मी तीनदा विचारून घेतलं आहे.

आणि हे नीट वाच. तुझा मगज घालायच्या आधी औषधं देऊन रोहनचा स्वतःचा मगज मारून टाकतात. पूर्ण. त्यानंतर त्याच्याकडे जुनं काही राहत नाही, आणि नवं तू येईपर्यंत येत नाही. त्या मधल्या दिवसांत तुझं मन फिरलं, ऑफिसने सुट्टी दिली नाही, माझं तोंड बघायला नको वाटलं, काहीही झालं, तर तो संपला. म्हणून नाही म्हणायचं असेल तर आत्ता म्हण. आत्ता नाही म्हणालीस तर मी तुला कधी बोल लावणार नाही, लेखी देते. नंतर नको.

सर्दी असेल तर येऊ नकोस. म्हणजे ये, पण त्याच्या खोलीत जाऊ नकोस.

राहायला हॉस्पिटलजवळ लॉज आहे, स्वच्छ आहे, मी आत जाऊन बाथरूम बघून आले. घरी ये असं मी म्हणत नाही. चादरी धुतल्या आहेत, त्या अशाही धुवायच्या होत्या.

आई


३ डिसेंबर

उत्कर्षा,

पोचल्याचा फोन रोहनला केलास ते तेव्हाच कळलं. कंबर अजून ठणकते का? खुर्चीला पाठीमागे उशी घे, ऑफिसात कोण काय म्हणतं ते बघू नकोस.

तू लॉजवर राहिलीस ते बरंच केलंस, घरी पाणी दिवसाआड येत होतं. तुझ्यासाठी मी रोज डबा आणायची आणि तू रोज म्हणायचीस, ठेव तिथे. तीन दिवस डबा रिकामा परत मिळाला. मला तेवढं पुरलं.

शेवटच्या दिवशी तू जे विचारलंस त्याचं उत्तर मी तिथे धड दिलं नाही. व्हरांड्यात बाकावर आपण दोघी. काचेपलीकडे तो झोपलेला, डोक्यावर एक केस नाही, तोंडात फोड. तू समोर बघतच विचारलंस, "त्या दिवशी गेटवर मी येताना तुला कधी दिसले होते?"

मी म्हटलं, "बस थांब्यावर उतरलीस तेव्हापासून."

मग तू म्हणालीस, "तिथून गेटपर्यंत पाच मिनिटं लागतात, आई."

मी म्हटलं, डबा थंड होतोय. त्या पाच मिनिटांत मी काय केलं ते लिहिते. आधी टीव्हीवरचं कार्ड आठवलं. मग तू हसताना दिसलीस. घरी तू तशी हसत नव्हतीस. मला वाटलं, हिला एकदा तरी माझ्यासमोर थांबावं लागेल. बस. याहून मोठं काही नव्हतं. तुला जिथे नेऊन ठेवायचं तिथे ते ठेव.

आता बातमी. नव्या पेशी धरल्या. आधी जंतू खाणाऱ्या आल्या, त्यांच्या मागोमाग लगेच आपले मारेकरी. बाकीच्या शिकून येणाऱ्या पेशींना अजून महिने लागतील, वर्षही लागेल. हे आधी येतात, रिकाम्या घरात सामान लागायच्या आधी राखणदार येऊन बसतो तसे. मॅडमनी मला यंत्रातून पुन्हा दाखवलं. रोहनची काच, आणि त्यात तो दाणेवाला. मीच शोधला. मॅडमना म्हटलं, तुम्ही बोट लावू नका.

गंमत म्हणजे रिपोर्टमध्ये रोहनच्या रक्तातल्या पेशी बाईच्या आल्या आहेत. तुझ्या ना. तो नर्सला सांगत होता, मला आता बसमध्ये बायकांच्या सीटवर बसता येईल. मी विचारलं, मॅडम, त्या पेशींना कळतं का, आपण बहिणीच्या अंगातून भावाच्या अंगात आलो? त्या म्हणाल्या, खुणा सारख्या आहेत, त्यांना घर बदललेलं कळणारच नाही. मला हे पटलं नाही. छाती कोणाची आणि किती मार खाल्लेली, हे पहिल्या दिवशी तरी कळलं असेल.

त्याला अजून कोणाला भेटू देत नाहीत. मीसुद्धा तोंड बांधून, हात धुऊन, चार हात लांब. पहिली परीक्षा बाहेरच्या हवेत, असं मॅडम म्हणतात. एखादा साधा जंतू आत जाईल तेव्हा कळेल.

आई


२४ जून २०१३

उत्कर्षा,

तुझं पत्र मिळालं. इतकं बारीक अक्षर काढायला कोणी शिकवलं, मला चष्मा घालून खिडकीत जावं लागलं. चारच ओळी, पण तू लिहिल्यास, ठीक आहे. तू विचारलंस त्याचा श्वास कसा आहे, त्याचं उत्तर देते.

मागल्या रविवारी मच्छिंद्र भेटायला आला. आता तो सुपरवायझर नाही, दुसऱ्या कंपनीत गेला आहे. दारातूनच शिंकला. मी त्याला पायरीवरून परत पाठवला, चहासुद्धा दिला नाही. पण शिंक आत यायची ती आली. मंगळवारी रोहनचं नाक वाहू लागलं. घसा लाल. अंग कोमट.

मी काय केलं असेल ते तुला माहीत आहे. कोपऱ्यात पिशवी भरली. ऑक्सिजनवाल्याचा नंबर काढला. हेमा मॅडमना फोन केला, त्यांनी विचारलं, धाप आहे का? मी म्हटलं, नाही. ओठ निळे? नाही. जेवला? दोन भाकरी आणि सुकट. त्या म्हणाल्या, मग घरीच थांबा, ताप वाढला किंवा धाप लागली तर लगेच या, आणि मला रोज कळवा. मी म्हटलं, थांबून काय करायचं? त्या म्हणाल्या, "काही नाही. आता त्यांना त्यांचं काम करू द्या."

माझ्यासारख्या बाईला काही न करता बसायला सांगणं म्हणजे शिक्षाच. मी त्याच्या छातीला कान लावून बसले. तो म्हणाला, आई, गुदगुल्या होतात. मी म्हटलं, गप्प पड. आत घरघर आहे का ऐकत होते. बुधवारी खोकला सुटला. मी उभी राहिले. आपल्या घरात खोकला सुटला की पुढचं सगळं मला पाठ आहे, आधी कोरडा, मग ओला, मग रात्री बसून काढायच्या, मग रिक्षा. तुझ्या वडिलांचं तसंच, याचंही तसंच. गुरुवारी तोच खोकला होता. खाली उतरला नाही. शुक्रवारी नुसतं नाक.

मी विचार करत होते की आत काय चाललं असेल. त्या उलट्या झाडात, कुठल्या तरी फांदीवर, एखादी पेशी खूण उतरवून बसली असेल, आणि तुझ्यातला कोणी एक दाणेवाला तिच्यासमोर जाऊन उभा राहिला असेल. थांबला असेल. दोन्ही गोष्टी बघितल्या असतील. बाहेरून यातलं काहीच दिसत नाही. बाहेर माझा पोरगा क्रिकेट बघत शेंगदाणे खात होता.

आज सोमवार. सकाळपासून रुमाल मागितला नाही. सर्दी आली आणि गेली. लोकांच्या घरी जाते तशी. माझं लग्न होऊन तीस वर्षं होतील, या घरात सर्दी आलेली वाट धरून परत गेली, हे मी पहिल्यांदा बघितलं.

दुपारचं जेवून तो झोपला आहे. मी शेजारी बसून लिहिते आहे. तोंड मिटलेलं आहे. नाकाने श्वास घेतो आहे.

आई